भिंतीपलीकडचं बोट

आमच्या दुकानाचा एकच कायदा होता. आबा आणि ग्राइंडरचा आवाज, दोघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणी असायचं नाही. आत ग्राइंडर चालू असेल तर आबांनी आतच असायचं. आबा बाहेर कुणाशी गप्पा मारत असतील तर आत अगदी चिडीचूप. दोन वर्षं आम्ही बापलेकींनी हा कायदा डोळ्यांत तेल घालून पाळला. आणि मोडला कशापायी? तर वाडगाभर बाह-क्वेपायी!

त्या गुरुवारी सकाळी आबांना भूक आवरेना. "दहा मिनिटांत आलो गं, आ-चन," म्हणत ते देवळासमोरच्या गाडीवर गेले. तांदळाच्या मऊ वड्या आणि वर दाट, गरम रस्सा... आमच्या दोंगगांग बंदरातला माणूस एकवेळ स्वतःचं लग्न विसरेल, पण सकाळचं बाह-क्वे विसरणार नाही. मी म्हटलं, दहा मिनिटांत कोण मरायला येतंय? शटर अर्धं खाली ओढलं, चष्मा चढवला आणि ग्राइंडर चालू केला.

"उस्ताद आहेत का?"

मी दचकून वळले. शटरखालून वाकून एक तरुण आत आला होता. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं. खाडीवरच्या वाऱ्यानं केस पार विस्कटलेले, गालावर ग्रीसचा फराटा.

"आहेत ना. आत कामात आहेत," मी सवयीनं ठोकून दिलं.

"कामात?" त्यानं हसू दाबलं. "हो, कामात तर होते. आत्ताच देवळासमोर दुसरा वाडगा मागताना दिसले."

ग्राइंडर अजून माझ्या हातात गरगरत होता. त्यानं ग्राइंडरकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे... डाव्या हाताकडे. आणि मग सरळ माझ्या डोळ्यांत.

"म्हणजे... तो डावा हात तुमचा तर!"

हे तो इतक्या आनंदानं म्हणाला, की ग्राइंडर त्याच्याच डोक्यात घालावासा वाटला मला.

का ते सांगते. माझे वडील, च्वो उस्ताद, म्हणजे स्कूटरच्या शर्यतींमधलं मोठं नाव. इंजिनाच्या वर जो भाग बसतो ना, हेड, त्यातून हवा आत जायची एक वाट असते आणि धूर बाहेर पडायची दुसरी. कारखान्यातून हेड येतं तेव्हा या वाटा ओबडधोबड असतात. त्या आतून घासायच्या, वळणं सुधारायची, इंजिनाला मोकळा श्वास घेता येईल असं करायचं, हा आमचा धंदा. नुसतं भोक मोठं केलं की झालं, असं नाही. बागेतल्या नळीचं तोंड बोटानं दाबलं की पाणी लांब जातं, तसं कुठे मोकळं सोडायचं नि कुठे आवळायचं, हे हाताला कळावं लागतं. आबांच्या हाताला ते कळायचं. पार उत्तरेच्या टोकापासून लोक हेड पाठवायचे.

मग आबांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा पेला, मग जेवणाच्या काड्या, मग ग्राइंडर. डॉक्टर म्हणाले, हे जाणार नाही, वाढेलच. त्या दिवसापासून आबांनी हात खिशात घातला आणि ग्राइंडर मी उचलला. लोकांना पत्ता नव्हता. आमच्याकडे मेकॅनिकला 'काळा हात'च म्हणतात, आणि काळा हात पुरुषाचाच असणार हे सगळे धरून चालतात. आबांचा हात गेला नि घासते त्यांची पोरगी, हे बाहेर फुटलं असतं, तर पंचवीस वर्षांचं नाव एका आठवड्यात बुडालं असतं. आई गेल्यापासून आमच्याकडे ते नाव तेवढं उरलं होतं.

आणि हा पठ्ठ्या टॉवेल सोडत निवांत सांगत होता!

"तीन वर्षांपूर्वी इथून एक हेड करून नेलं होतं मी. गेल्या वर्षी दुसरं. दोन्हींत बोट घालून पाहिलं. पहिल्यातल्या रेघा उजवीकडे कललेल्या, दुसऱ्यातल्या डावीकडे. म्हटलं, उस्तादांनी हात बदलला की काय? पण नुसत्या रेघा नाहीत हो... हातच वेगळा. उस्तादांचा हात धातूला हुकूम सोडतो. हा दुसरा..."

"हा दुसरा काय?" मी फटकन विचारलं.

"विचारून घेतो," तो म्हणाला. "आधी विचारतो, मग काढतो."

दोन वर्षांत माझ्या कामाबद्दल, माझं म्हणून, कुणी पहिल्यांदा काही बोललं होतं. कानाच्या पाळ्या तापल्या. राग आला होता, भीती वाटत होती, आणि त्यातच कुठेतरी... जाऊ दे.

"हे बाहेर कुणाला बोललात तर याद राखा!"

"वांग-ये देवाची शपथ," त्यानं देवळाच्या दिशेनं हात जोडले. "माझ्या तोंडून तुमचं नाव निघणार नाही. हे हेड घेतलं नाहीत, तरी नाही."

आमच्या गावात वांग-येची शपथ कुणी उगीच घेत नाही. मी जरा निवळले.

"नाव काय?"

"सू हाय-शंग."

हाय-शंग म्हणजे समुद्रात जन्मलेला. "मग बोटीवर का नाही? गावातले सगळे हाय-शंग ट्यूना पकडायला गेलेत."

"मला बोट लागते," तो मान खाली घालून म्हणाला.

"समुद्रात जन्मलेल्याला बोट लागते?"

"नाव आजोबांनी ठेवलं, मला कुणी विचारलं? धक्क्याला बांधलेल्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो मी. भरती आली की उतरतो."

मला हसायचं नव्हतं. हसले मी. आणि नेमके तेव्हाच आबा तोंड पुसत आत आले.

परका माणूस, माझ्या हातात ग्राइंडर, आणि आपण स्वतः दारात... आबांचा चेहरा खर्रकन उतरला. हाय-शंगनं कमरेत वाकून नमस्कार केला, काय झालं ते सांगितलं, शपथही परत घेतली. आबांनी डाव्या हातानं त्याचं हेड उचललं आणि वाटेत बोट घातलं.

"हे कुणी खाल्लंय?"

"एका भल्या माणसानं," हाय-शंग म्हणाला. "आरशासारखं चकचकीत करून दिलं. गाडी आधीपेक्षा हळू पळते."

मी जाडी मोजायचा वाकडा कॅलिपर लावला. वाटेच्या छतात, वळणापाशी, भिंत एक मिलिमीटर उरली होती. एक! आणि भिंतीच्या पलीकडे इंजिन गार ठेवणारं पाणी. भल्या माणसानं नको तिथे खरवडलं होतं आणि हवा जिथे आपटते तो उंचवटा तसाच सोडला होता. तो काढायचा, तर भिंत अर्ध्या मिलिमीटरवर येणार. भरायची सोय नाही, कारण या गटातल्या शर्यतीचा नियमच असा, की धातू हवा तेवढा काढा, कणभरही लावायचा नाही.

"दुसरं हेड?"

"नाही. या मॉडेलचं मिळतच नाही आता. गेल्या वर्षीचं तडकलं. शर्यत रविवारी आहे."

"मग नाही," मी कॅलिपर खाली ठेवला. "आबा, नाही म्हणजे नाही. हे फुटलं तर ट्रॅकवर सगळ्यांसमोर पाणी ओकेल. लोक उघडून बघतील. आणि नाही फुटलं, पहिल्या तिघांत आला, तरी तपासनीस उघडतोच, आणि एवढी पातळ भिंत दिसली की बोट घालून बघणारच! कसंही झालं तरी माझा हात चव्हाट्यावर येणार. तुमचं नाव जाईल, आबा."

आबांचं बोट अजून त्या वाटेतच होतं. डोळे मिटलेले.

"घे," ते म्हणाले.

"आबा!"

"घे म्हटलं ना. असं हेड मला मिळालं असतं तर मी जेवलो नसतो. तुला मिळतंय."

* * *

शुक्रवारी दुपारी हाय-शंग आला तो हातात खाऊचं पाकीट घेऊन. हवा मोजायच्या आमच्या यंत्रावर त्यानं ते भक्तिभावानं ठेवलं.

"पिवळं?" मी किंचाळलेच.

"का? काय झालं?"

"हिरवं ठेवतात हो, हिरवं! पिवळं ठेवलं की यंत्र रुसतं. शेंबड्या पोराला कळतं हे!"

आता यात हसण्यासारखं काही नाही. त्या खाऊचं नावच 'शहाण्यासारखं वाग' असं आहे. बँकेतलं यंत्र असो नाही तर दवाखान्यातलं, आमच्याकडे प्रत्येकावर त्याचं पाकीट असतं. पण हिरवंच, आणि मुदत न संपलेलं. आबांनी ते पिवळं पाकीट दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर न्यावा तसं बाहेर नेलं.

"हिरवी संपली होती दुकानात..." हाय-शंग पुटपुटला.

"मग रिकाम्या हातानं यायचं!"

तो धावत गेला. पंधरा मिनिटांनी घामाघूम होऊन परतला, हातात दोन हिरवी पाकिटं. पाकिटावर निरोप लिहायला एक कोरी ओळ असते. एकावर त्यानं लिहिलं, 'यंत्रा, आज तरी भांडू नकोस.' दुसरं गुपचूप खिशात घातलं.

"ते दुसरं कुणासाठी?"

"त्यावर नाव घालायचंय अजून." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "हिंमत झाली की घालीन."

मी चष्मा चढवला. बरं झालं, चष्म्याआडचं कुणाला दिसत नाही.

शटर खाली होतं. कायद्याप्रमाणे आबा आत होते, पण पाठ करून बसले होते. बघवत नाही म्हणायचे, ऐकतो, म्हणायचे. खिशात हात, मान तिरकी. मी पहिला तास ग्राइंडरच्या टोकाला दातेरी बिट लावून उंचवटा उतरवला. ते सोपं होतं. मग भिंत जवळ आली, आणि माझ्या पाठीवरून घामाची धार निघाली.

"आवाज चढतोय," आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

मलाही ऐकू येत होतं. धातू जाड असतो तोवर ग्राइंडर घोगरा बोलतो. पातळ होत गेला की स्वर वर वर जातो, आणि मग अचानक... भोक. तो 'अचानक' नेमका कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. मी थांबले. कॅलिपर लावला. आठ दशांश.

"अजून तीन काढायचेत," मी म्हणाले. "आतून काही कळत नाही मला. डोळे मिटून जिना उतरतेय मी."

हाय-शंगनं हेड उचललं. पाणी बाहेर पडायच्या भोकातून त्यानं करंगळी आत घातली, वाकवली, आणखी आत नेली.

"पोचली," तो म्हणाला. "भिंतीच्या पलीकडून. बरोबर त्याच जागी. तुम्ही अलीकडून घासा. मला गरम लागलं की सांगतो."

"वेड लागलंय का? भोक पडलं तर बिट सरळ तुमच्या बोटात!"

"मग पाडू नका भोक."

"ही थट्टा नाही!"

"मी कुठे थट्टा करतोय?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि खरंच, हसत नव्हता तो. "वर्षभर मी या हातावर भरवसा ठेवून वळणं घेतलीत, ताशी शंभरच्या वेगानं. हात कुणाचा ते माहीत नसताना. आता तर माहीत आहे."

मी आबांकडे वळले. आबा वळले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

मी दातेरी बिट काढलं आणि बारीक घासकागदाची गुंडाळी लावली. कागदही कातडं सोलायला पुरतो, पण हाड तरी वाचेल. ग्राइंडर चालू केला. आमच्या दोघांच्या मध्ये ते हेड, त्याचा तळवा खाली नि करंगळी आत, माझा डावा हात वर. तो इतका जवळ होता, की त्याचा श्वास थांबलेला मला कळत होता. एक फेरा. दुसरा. स्वर वर सरकला.

"कोमट," तो म्हणाला.

तिसरा फेरा. मी धातूला विचारत होते, अजून देशील का रे थोडं? चौथा. माझ्या घामाचा थेंब त्याच्या मनगटावर पडला, तो हलला नाही.

"गरम... आ-चन, गरम!"

"चढला!" आबा ओरडले.

मी हात उचलला. ग्राइंडर बंद केला. दुकानात इतकी शांतता झाली, की बाहेर मासळीवाल्याचा भोंगा ऐकू आला. त्यानं करंगळी बाहेर काढली. लाल झाली होती, पण अख्खी होती. मी ती हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली, आणि सोडायची विसरले.

कॅलिपर आबांनी लावला, डाव्या हातानं. "अर्धा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच वळून माझ्याकडे पाहिलं. "बरोबर अर्धा."

"तू मला आ-चन म्हणालास," मी हाय-शंगला म्हणाले.

"बोट जळत असताना 'अहो' आठवत नाही," तो म्हणाला. "आणि तू आत्ता मला 'तू' म्हणालीस."

* * *

शनिवारी इंजिन जुळवलं. सुरू केल्यावर असा काही आवाज आला, की आबा डोळे मिटून उभेच राहिले. संध्याकाळी हाय-शंग नावनोंदणीला निघाला तसे आबाही निघाले. "जुने दोस्त भेटतील," म्हणाले. मी दुकान आवरायला मागे राहिले. त्या रात्री मी हिरव्या पाकिटाचा विचार करत झोपले. खोटं कशाला बोलू?

रविवारी सकाळी खाडीकाठच्या ट्रॅकवर पोचले, तर फळ्याभोवती गर्दी. फळ्यावर छापील यादी लावली होती. चालकाचं नाव, गाडी, इंजिन करणाऱ्याचं नाव. मी सहज बोट फिरवत खाली आले.

सू हाय-शंग. इंजिन: च्वो पेइ-चन.

माझं नाव.

मी परत वाचलं. परत. मागे कुणीतरी म्हणत होतं, "च्वो पेइ-चन? कोण रे ही? उस्तादांची पोरगी? ती तर पावत्या फाडते ना?" दुसरा म्हणाला, "मग माझं हेड कुणी केलं रे गेल्या महिन्यात?" दोन वर्षांचं झाकलेलं, एका ओळीत उघडं!

हाय-शंग गाडीपाशी हातमोजे चढवत होता. मी जाऊन उभी राहिले.

"वांग-येची शपथ घेतलीस ना तू?"

त्यानं मान वर केली. माझा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं.

"यादीत घातलंस तू माझं नाव! काय मिळालं रे तुला? मोठेपणा? आबा तिथे बसलेत छत्रीखाली, त्यांच्यासमोर लोक बोलतायत! देवाला तरी घाबरायचंस!"

तो काहीतरी बोलणार होता. ओठ उघडले... एकदा माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, आणि मिटले. "शर्यत झाल्यावर बोलूया?" तो हळूच म्हणाला. "आत्ता फक्त एवढंच सांग. भिंत टिकेल ना?"

"भिंत टिकेल," मी म्हणाले. "तू मेलास तरी चालेल."

बोलून गेले. आणि पाठ फिरवली.

पंधरा फेऱ्या. पहिल्या फेरीपासून मला माझेच शब्द ऐकू यायला लागले. ताशी शंभरचा वेग, आणि त्याच्या खाली माझी अर्ध्या मिलिमीटरची भिंत. ती फुटली, पाणी मागच्या चाकाखाली गेलं, तर... देवा, मी काय बोलून बसले! मी कठड्याला धरून उभी होते. सगळ्या गाड्यांच्या गोंगाटातून मला त्याचं इंजिन ओळखू येत होतं. माझंच होतं ना ते. सरळ रस्त्यावर ते मोकळं गायचं, वळणाआधी घोगरं व्हायचं. सहाव्या फेरीला तो पाचवा होता. आठव्याला चौथा.

अकराव्या फेरीला पलीकडच्या वळणावर पांढरं काहीतरी उसळलं.

"वाफ!" कुणीतरी ओरडलं. "गेलं इंजिन!"

मी डोळे मिटले. डोळ्यांनी कळणार नव्हतं, कानांनी कळणार होतं. मोजत राहिले. सहा गाड्या गेल्या, सातवी गेली... त्याचा आवाज नाही. वांग-ये, नाव जाऊ दे, दुकान जाऊ दे, मला काही नको, त्याला येऊ दे! आणि मग तो आला. धुळीनं पांढरा झालेला, एका बाजूचा आरसा लटकता, पण इंजिन खणखणीत. चाक रस्ता सोडून कडेच्या चुन्यात गेलं होतं, एवढंच. मी कठड्यावर डोकं टेकून रडले. कुणी बघतंय की नाही, याची पर्वा नव्हती.

शेवटच्या चार फेऱ्यांत तो सगळं वसूल केल्यासारखा पळाला. तिसरा आला. अर्ध्या चाकानं.

तिसरा, म्हणजे इंजिन उघडणार.

तपासनीस ल्याओ मास्तर, आबांच्या पिढीतला माणूस, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलू देणारा. टेबलाभोवती गर्दी दाटली. त्यांनी हेड सोडवलं, बॅटरी मारली, कॅलिपर लावला, भुवया वर गेल्या. लावलेला धातू आहे का ते नखानं तपासलं. मग वाटेत बोट घातलं आणि बोट तिथेच राहिलं.

"च्वो उस्ताद," ते म्हणाले, "हा हात तुमचा नाही."

सगळी गर्दी आबांकडे वळली. मला वाटलं जमीन दुभंगावी. आबा छत्रीखालून उठले, टेबलापाशी आले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा, चारचौघांत, त्यांनी खिशातून उजवा हात काढला. तो थरथरत होता. त्यांनी तो थरथरू दिला.

"माझा नाहीच," आबा म्हणाले. "दोन वर्षं झाली, दुकानातून गेलेलं एकही हेड माझ्या हातचं नाही. फॉर्मवर लिहिलंय की."

ल्याओ मास्तरांनी कागदांतून मूळ फॉर्म काढून टेबलावर ठेवला. मी वाकून पाहिलं. वरची अक्षरं हाय-शंगची, उतरती, घाईची. आणि खाली, इंजिन करणाऱ्याच्या चौकटीत, माझं नाव. प्रत्येक रेघ थरथरलेली. आमच्या लिपीत माझ्या नावातलं शेवटचं अक्षर चौदा रेघांचं आहे. चौदाच्या चौदा रेघा त्या हातानं काढल्या होत्या. दोनदा पेन निसटलेलं दिसत होतं, आणि परत त्याच जागेवरून पुढे नेलेलं.

"आबा..."

"मीच त्याला गप्प राहायला सांगितलं," आबा म्हणाले. "तुला आधी कळलं असतं तर रडून-भांडून खोडायला लावलं असतंस. मला लिहायला अर्धा तास लागला गं."

ल्याओ मास्तरांनी अजून हेड खाली ठेवलं नव्हतं. "नियमात आहे," ते शेवटी म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "अर्धा मिलिमीटर. वेडी आहेस की काय, पोरी?" त्यांच्या तोंडून ते कौतुकच होतं.

मी हाय-शंगला शोधलं. तो मागे, टायरांच्या ढिगावर, एकटाच पाणी पीत बसला होता. सकाळी मी त्याला काय नाही ते बोलले होते, आणि यानं एक शब्द काढला नव्हता.

"शपथ मोडली नाहीस तू," मी म्हणाले.

"माझ्या तोंडून नाव निघणार नाही म्हणालो होतो. निघालं नाही." त्यानं बाटली खाली ठेवली. "मेलोही नाही. त्याबद्दल माफ कर."

"गप्प बस!" मी ओरडले. "अकराव्या फेरीला माझा जीव गेला होता इथे. आता हसवू नकोस मला."

त्यानं खिशातून ते हिरवं पाकीट काढलं. घामानं नि धुळीनं चुरगळलेलं. कोऱ्या ओळीवर लिहिलं होतं, 'आ-चन, मला तू आवडतेस. मुदत संपायच्या आत सांग.'

मी पाकीट उलटं करून तारीख पाहिली. "अजून आठ महिने आहेत की!"

"हो. मुद्दाम मागच्या रांगेतलं काढलं. विचार करायला वेळ लागेल तुला."

मी तिथल्या तिथे पाकीट फाडलं, एक दाणा तोंडात टाकला, आणि पाकीट त्याच्यापुढे धरलं. त्याची लाल करंगळी अजून तशीच होती.

"मला नाही लागत आठ महिने," मी म्हणाले. "मलाही तू आवडतोस. गुरुवारपासून. घे, खा."

* * *

सोमवारी सकाळी दोन माणसं आपापली हेड परत घेऊन गेली. एकानं तर माझ्याकडे पाहिलंही नाही. वाईट वाटलं. तिसऱ्यानं मात्र जाता जाता विचारलं, "हे पण डाव्या हातानंच करणार ना? मग ठेवतो." आबांनी शटर पार वरपर्यंत ढकललं, स्टूल बाहेर फुटपाथवर ओढलं, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून उन्हात बसले. मी ग्राइंडर चालू केला. रस्त्यावरून जाणारे थबकून एकदा आबांकडे बघत, एकदा आत.

थोड्या वेळानं ओळखीची पावलं वाजली. बाह-क्वेचा वास आला, तीन वाडग्यांचा.

"उस्ताद आहेत का?" हाय-शंग बाहेर विचारत होता.

"आहेत की," आबांचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "आत कामात आहेत. ग्राइंडर ऐकू येत नाही का तुला?"